आयएसपीडब्ल्यू-६ ची बदल-प्रक्रिया स्पिनमध्ये तपासताना: प्रकल्प नोंदी

३ जून २०२४: काय तपासायचं

लिऑन ऑस्टरवाइल यांनी १९८७ मध्ये मांडलं की सॉफ्टवेअर बनवण्याची प्रक्रिया हेही एक सॉफ्टवेअरच आहे. हे मान्य केलं, तर प्रक्रियेच्या दस्तऐवजातही बग असणार आणि ते शोधायला प्रोग्रामसाठी वापरतो तीच हत्यारं चालणार. या प्रकल्पात तेवढंच करायचं आहे: कागदावरची एक प्रक्रिया घ्यायची, तिचं मॉडेल करायचं, आणि जे घडू नये ते घडायला तिच्यात वाव आहे का हे टेम्पोरल लॉजिकने (घटनांच्या क्रमाबद्दल बोलणाऱ्या तर्कशास्त्राने) बघायचं.

प्रक्रिया म्हणून सहाव्या आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर प्रोसेस वर्कशॉपसाठी (आयएसपीडब्ल्यू-६) १९९० मध्ये मार्क केल्नर आणि सहकाऱ्यांनी तयार केलेलं उदाहरण घेतलं. वेगवेगळ्या प्रोसेस-भाषांची तुलना एकाच मापाने व्हावी यासाठी ते लिहिलं गेलं. व्याप्ती आटोपशीर आहे: रिक्वायरमेंट बदलली, एका युनिटमध्ये बदल करायचा. पायऱ्या आठ: कामवाटप, डिझाइन बदल, डिझाइन रिव्ह्यू, कोड बदल, टेस्ट प्लॅन बदल, युनिट टेस्ट पॅकेज बदल, युनिट टेस्ट, आणि या सगळ्यावर चालू असलेली प्रगतीची देखरेख.

मॉडेलसाठी ठरवलेले नियम:

- रिव्ह्यूचे निकाल तीन: मंजूर, किरकोळ बदल, मोठे बदल. किरकोळ बदल केल्यावर पुन्हा रिव्ह्यू नाही. मोठ्या बदलांनंतर रिव्ह्यू पुन्हा.
- डिझाइनचा मसुदा हाती आला की कोडिंग सुरू करायला मुभा. मंजुरीची वाट बघत हात बांधून बसायचं नाही.
- टेस्ट नापास झाली तर कोड, पॅकेज किंवा दोन्ही बदलायचे. डिझाइनकडे परत जायचं नाही.
- मॅनेजर काम कधीही रद्द करू शकतो.

दुसरा नियम मुद्दाम ठेवला आहे. प्रत्यक्षात सगळीकडे असंच चालतं, आणि समांतर कामात माणसाच्या नजरेतून निसटणारे क्रम इथेच तयार होतात.

५ जून: आधी नुसता प्रवाह

डेटाला हात लावण्याआधी बाणांची रचना वर्कफ्लो-नेट म्हणून तपासली. हे पेट्री-नेटचंच (स्थानं, त्यांना जोडणारी ट्रान्झिशन म्हणजे पायऱ्या, आणि त्यांतून सरकणारी टोकनं अशी आकृती) एक रूप: एक आरंभ-स्थान, एक अंत-स्थान, आणि मधली प्रत्येक गोष्ट त्या दोघांमधल्या वाटेवर. विल व्हॅन डर आल्स्ट यांचा साउंडनेसचा निकष तीन भागांचा आहे. कुठूनही शेवटापर्यंत पोहोचता आलं पाहिजे, शेवटाला पोहोचल्यावर मागे एकही टोकन उरता कामा नये, आणि कधीच न चालणारी पायरी नसावी. शेवट एका जादा ट्रान्झिशनने आरंभाला जोडला, की हा प्रश्न ते नेट लाइव्ह (कोणतीही पायरी कायमची बंद न पडणारं) आणि बाउंडेड (टोकनं अमर्याद न साठणारं) आहे का या नेहमीच्या प्रश्नावर येतो.

बीपीएमएनमध्ये (कामाचा प्रवाह दाखवण्याची चिन्ह-पद्धत) काढलेल्या आकृतीत समांतर गेटवेने दोन फाटे फुटतात: एकीकडे कोड, दुसरीकडे टेस्ट प्लॅन आणि मग पॅकेज. ते जुळवायला एक्स्क्लुझिव्ह गेटवे (एक टोकन आलं तरी पुढे सोडणारा) होता. नेटमध्ये याचा परिणाम लगेच दिसतो. कोडचं टोकन पोहोचलं की युनिट टेस्ट सुरू होते, पॅकेज तयार नसलं तरीही. मागाहून पॅकेजचं टोकन येतं आणि युनिट टेस्ट दुसऱ्यांदा चालते. निकषाचा दुसरा भाग मोडला. जुळणीला समांतर गेटवे (दोन्ही टोकनांची वाट बघणारा) लावल्यावर दोन फाट्यांत मिळून २ × ३ = ६ मार्किंग (टोकनांच्या मांडण्या) राहतात आणि नेट साउंड ठरतं.

उलटी चूकही तितकीच नेहमीची आहे: एक्स्क्लुझिव्हने फोडायचं आणि समांतरने जोडायचं. मग दुसरं टोकन कधीच येत नाही आणि प्रक्रिया तिथेच गोठते. आकृतीत दोन्ही गेटवे हिऱ्याच्या आकाराचेच असतात, फरक फक्त आतल्या खुणेचा, म्हणून परीक्षणात ते नजरेआड होतात.

साउंडनेसच्या तपासणीत डेटा येत नाही. "कोड कोणत्या डिझाइनवर लिहिला?" हा प्रश्न नेटला विचारताच येत नाही. त्यासाठी पुढचं काम.

६ जून: प्रोमेला मॉडेल

साधन स्पिन: मॉडेलच्या शक्य अवस्था फिरून तपासणारं, जेरार्ड होल्झमन यांनी बेल लॅब्समध्ये बनवलेलं. प्रोमेला ही त्याची मॉडेल लिहिण्याची भाषा. प्रत्येक पायरीसाठी एक प्रोसेस. प्रोमेलात नावं लॅटिन लिपीतच द्यावी लागतात. या नोंदींत तीच नावं मराठीत लिहिली आहेत.

पहिला प्रश्न आवृत्त्यांचा. डिझाइनला आवृत्ती क्रमांक दिला तर तो वाढतच जातो, आणि प्रत्येक नवा क्रमांक म्हणजे नव्या अवस्था. बाइट वापरला तर २५५ नंतर पुन्हा शून्य, म्हणजे जुनं आणि नवं एकसारखं दिसण्याची शक्यता. पण आपल्याला क्रमांक नकोच आहे, फक्त "सध्याच्या डिझाइनशी जुळतं का" एवढंच हवं आहे. म्हणून बिट:

- मंजूर: सध्याचं डिझाइन मंजूर आहे.
- कोडताजा: कोड सध्याच्या डिझाइनवर बेतलेला आहे.
- पॅकेजताजं: पॅकेज सध्याच्या कोडशी जुळतं.
- रद्द.

डिझाइन बदललं की पहिले दोन शून्य. कोड बदलला की तिसरा शून्य.

यात एक धोका आहे. कोड-प्रोसेस डिझाइन वाचते आणि मग कोडताजा = १ करते. या दोन कृतींच्या मध्ये डिझाइन बदललं, तर जुन्या डिझाइनवरचा कोड "ताजा" म्हणून नोंदला जातो आणि बिटच खोटं बोलू लागतो. वाचणं आणि बिट लावणं एकाच अ‍ॅटॉमिक (मध्ये दुसरं काही न घुसणाऱ्या) खंडात हवं. प्रत्यक्ष कामात याचा अर्थ असा: डिझाइन उघडताना त्याची ओळख-खूण तिथल्या तिथे टिपून ठेवायची, काम संपल्यावर नाही.

अवस्थांचा अंदाज: आठ पायऱ्या, प्रत्येकीच्या तीन स्थिती (सुरू नाही, चालू, संपली) म्हणजे ३ चा ८ वा घात = ६,५६१. चार बिट धरले की १६ पट, म्हणजे १,०४,९७६. ही कमाल मर्यादा आहे (चॅनेल म्हणजे प्रोसेसमधली निरोपांची वाट, त्यातला मजकूर सोडून), आणि क्रमाच्या बंधनांमुळे गाठता येणाऱ्या अवस्था त्याहून बऱ्याच कमी असतात. संपूर्ण शोध साध्या लॅपटॉपवर होतो, त्यामुळे बिटस्टेटसारख्या अर्धवट शोधाच्या वाटेला जाण्याचं कारण नाही.

१० जून: गुणधर्म लिहिणं

आमिर प्नुएली यांनी १९७७ मध्ये टेम्पोरल लॉजिक प्रोग्रामच्या पडताळणीसाठी आणलं. ¬ (नाही), ∧ (आणि), ∨ (किंवा), → (तर) सोडून आपल्याला लागणारी चिन्हं थोडी आहेत: □ म्हणजे इथून पुढे सदैव, ◇ म्हणजे कधी ना कधी. तिसरं "तोवर" हे दुर्बळ रूपात घेतलं आहे: क तोवर ख, म्हणजे ख येईपर्यंत क टिकतं, आणि ख कधीच आलं नाही तर क कायम टिकतं.

सूत्र कोऱ्या कागदावर रचण्यापेक्षा ड्वायर, अ‍ॅव्ह्रुनिन आणि कॉर्बेट यांच्या साच्यांतून घ्यावं. त्यांनी ५५५ विनिर्देश गोळा केले आणि त्यातले ९२ टक्के मोजक्या साच्यांत बसले. सर्वांत जास्त आढळणारा साचा "प्रतिसाद": हे घडलं की ते घडलंच पाहिजे.

प१: ¬टेस्टसुरू तोवर मंजूर
प२: □(टेस्टसुरू → (मंजूर ∧ कोडताजा ∧ पॅकेजताजं))
प३: □(नापास → ◇(कोडबदल ∨ पॅकेजबदल ∨ रद्द))
प४: □(कामवाटप → ◇(पूर्ण ∨ रद्द))

प१ आणि प२ वरवर सारखे वाटतात. प्रक्रिया-दस्तऐवजांत बहुधा प१ च लिहिलेला असतो: "मंजुरीशिवाय टेस्टिंग नाही." तो फक्त पहिल्या मंजुरीपर्यंत पहारा देतो. त्यानंतर काय टेस्ट होतंय याबद्दल तो गप्प आहे.

टेस्टसुरू ही घटना आहे, स्थिती नव्हे. तो ध्वज टेस्ट सुरू होताना चढवायचा आणि निकाल पाठवण्याआधी उतरवायचा. चढलेलाच राहिला, तर नापास निकालानंतर कोड बदलताच पॅकेजताजं शून्य होतं आणि प२ खोटाच मोडतो.

११ जून: पहिली धाव

स्पिनच्या सहाव्या आवृत्तीपासून गुणधर्म नाव देऊन मॉडेलच्या फाइलमध्येच लिहिता येतात. क्रम असा: स्पिनला "ए" पर्याय दिला की तपासकाचा सी कोड तयार होतो, तो जीसीसीने कंपाइल करायचा, आणि तयार झालेला तपासक, म्हणजे पॅन, "एन" पर्यायात गुणधर्माचं नाव देऊन चालवायचा. लाइव्हनेससाठी (हवं ते कधी ना कधी घडतंच का, जसे प३ आणि प४) पॅनलाही "ए" द्यावा लागतो.

प१ टिकला. प२ मोडला. ट्रेस असा:

१. कामवाटप.
२. डिझाइनचा पहिला मसुदा तयार.
३. कोडिंग सुरू, पहिल्या मसुद्यावरून. कोडताजा = १.
४. रिव्ह्यू: किरकोळ बदल.
५. डिझाइन बदललं, कोडताजा = ०. पुन्हा रिव्ह्यू नाही, म्हणून मंजूर = १.
६. कोड कंपाइल झाला, पॅकेज तयार.
७. युनिट टेस्ट सुरू. डिझाइन मंजूर, कोड मात्र आधीच्या मसुद्यावरचा.

इथे प्रत्येक माणूस नियमाप्रमाणेच वागतो. डिझाइनरने सुचवलेला बदल केला, रिव्ह्यू करणाऱ्यांनी मंजुरी दिली, कोड लिहिणाऱ्याने हाती आलेल्या मसुद्यावर काम केलं. दोष प्रक्रियेचा आहे: किरकोळ बदलाची वर्दी कोडिंगपर्यंत पोहोचवणारी वाटच नाही. "किरकोळ" या निकालाला पुन्हा रिव्ह्यू नसल्यामुळे तोच सर्वांत धोकादायक ठरतो. मोठ्या बदलात निदान सगळ्यांना कळतं. हा ट्रेस दस्तऐवजाच्या परीक्षणात जसाच्या तसा मांडावा. सूत्र न कळणाऱ्यालाही सात ओळी कळतात.

१२ जून: दुरुस्ती, आणि दुरुस्तीतून डेडलॉक

कोड-प्रोसेसच्या शेवटी अट घातली: मंजूर ∧ कोडताजा असेल तरच काम पूर्ण. प२ टिकला, चुका शून्य.

पण पॅनच्या अहवालात वरच एक ओळ असते: गुणधर्म जोडलेला असल्यामुळे अवैध अंत-अवस्थांची तपासणी बंद आहे. म्हणजे या धावेत डेडलॉक (कोणीच पुढे सरकू शकत नाही अशी अवस्था) शोधलाच गेला नाही. त्यासाठी नो-क्लेम पर्यायाने वेगळं कंपाइल करून वेगळी धाव लागते. ती घेतल्यावर अवैध अंत-अवस्था निघाली: मंजूर = १, कोडताजा = ०, कोड-प्रोसेस अटीपाशी उभी, आणि तो बिट पुन्हा १ करणारं कोणी नाही.

काहीच न करणारी प्रक्रिया सगळे सुरक्षा-गुणधर्म (नको ते घडत नाही असं सांगणारे) पाळते. म्हणून अट कडक केल्यावर डेडलॉकची धाव दर वेळी घ्यायची.

खरी दुरुस्ती: प्रतीक्षेच्या जागी लूप. कोडताजा शून्य दिसला तर डिझाइन पुन्हा वाचायचं, कोड सुधारायचा, कंपाइल करायचा आणि अट पुन्हा तपासायची. पॅकेजसाठीही अगदी तसंच. दोन्ही धावा स्वच्छ.

१४ जून: फुकटचा "टिकला"

प३ टिकला. मात्र अहवालाच्या तळाशी, कधीच न गाठलेल्या ओळींच्या यादीत, युनिट टेस्टमधली नापासाची पूर्ण शाखा होती. नापास कधी घडतच नसेल तर "नापास झाल्यावर अमुक होतं" हे विधान आपोआप खरं.

कारण शोधण्यासारखं आहे. मॉडेलमध्ये टेस्ट नापास होण्याची अट "कोड शिळा असेल तर" अशी बांधलेली होती. १२ तारखेच्या दुरुस्तीनंतर शिळा कोड टेस्टपर्यंत पोहोचेनासा झाला आणि त्याबरोबर नापासाची शक्यताच संपली. एका गुणधर्मासाठी केलेल्या दुरुस्तीने दुसरा गुणधर्म पोकळ केला. प्रत्यक्षात टेस्ट नापास व्हायला हजार कारणं असतात, म्हणून निकाल आता अटीविना, दोन्ही बाजूंना मोकळा ठेवला आहे. यादी रिकामी झाली आणि प३ (१९ जूनच्या नोंदीतला फेअरनेस धरून) खऱ्या अर्थाने टिकला. या लूपला मर्यादा आहे का हा प्रश्न प४ चा.

यापुढे प्रत्येक □(क → …) गुणधर्माला एक जोडीदार: □¬क. हा मोडलाच पाहिजे. मोडला की क घडू शकतं याचा साक्षीदार ट्रेस मिळतो. न गाठलेल्या ओळींची यादी वाचणं उपयोगी आहेच, पण ती ओळीपुरती सांगते. क हे दोन-तीन बिटांचं मिश्रण असेल तर ती पुरत नाही. हिरवा निकाल साक्षीदाराविना ग्राह्य धरायचा नाही.

१९ जून: काम संपेल का

प४ हा पूर्ण प्रकल्पातला सर्वांत कसाचा गुणधर्म.

पहिल्या धावेत मिळालेलं चक्र: मॅनेजर प्रगती बघतो, पुन्हा बघतो, पुन्हा बघतो, बाकी कोणी हलत नाही. हे शेड्यूलिंगचं कृत्रिम चक्र आहे. पॅनला "एफ" पर्याय दिला की दुर्बळ फेअरनेस लागू होतो: एखादी प्रोसेस एका क्षणानंतर सतत चालायला तयार असेल, तर तिला कधी ना कधी पाळी मिळालीच पाहिजे.

इथे तांत्रिक अडचण आली. मॉडेलमध्ये रांदेव्हू चॅनेल (देणारा आणि घेणारा एकाच वेळी हजर लागणारे) असतील तर फेअरनेस आणि पार्शल-ऑर्डर रिडक्शन (समान अर्थाचे क्रम पुन्हा न तपासण्याची काटछाट) एकत्र चालत नाहीत. पॅन थांबतो आणि रिडक्शन बंद करून पुन्हा कंपाइल करायला सांगतो. दुसरा मार्ग म्हणजे एक जागेचा बफर असलेले चॅनेल. त्याने अर्थ बदलतो: देणारा घेणाऱ्यासाठी थांबत नाही. डिझाइनचा मसुदा भांडारात ठेवला जातो, कोणाच्या हातात दिला जात नाही, म्हणून तिथे बफरच जास्त खरा. रिव्ह्यू बैठकीत मात्र सगळे एका वेळी हजर असतात. तिथे रांदेव्हू ठेवला आणि रिडक्शन बंद केलं. एवढ्या अवस्थांना ते परवडतं.

फेअरनेस लावूनही प४ मोडला. नवं चक्र: मोठे बदल, डिझाइन बदल, रिव्ह्यू, मोठे बदल, … कोड-प्रोसेसही सोबत फिरते: दर फेरीला पुन्हा वाचते, पुन्हा कंपाइल करते. इथे कोणाचीच पाळी चुकत नाही, त्यामुळे दुर्बळ फेअरनेसची अट पूर्ण पाळली जाते. फेअरनेस प्रोसेसला पाळी देतो. त्या पाळीत तिने कोणता पर्याय निवडावा यावर त्याचा काही अधिकार नाही.

दोन उपाय आहेत. पहिला, गृहीतक सूत्रातच घालायचं:

((□◇रिव्ह्यू → □◇मंजुरी) ∧ (□◇टेस्ट → □◇पास)) → प४

म्हणजे रिव्ह्यू अनंत वेळा होत राहिला तर मंजुरीही येतच राहील. हे सूत्र टिकतं. त्यातून तयार होणारा ब्यूखी ऑटोमॅटन (तपासणीसाठी सूत्राचं यंत्ररूप) मोठा होतो, पण खरा आक्षेप तो नाही. हे गृहीतक माणसांच्या वागण्याबद्दलचं वचन आहे, आणि ते वचन कोणत्याही दस्तऐवजात कोणीही दिलेलं नाही. सूत्राच्या डाव्या बाजूला ते लपवून "काम संपतं, सिद्ध झालं" असं म्हणणं वाचणाऱ्याची फसवणूक आहे.

दुसरा उपाय म्हणजे नियम: रिव्ह्यूच्या जास्तीत जास्त तीन फेऱ्या. तिसरीतही मोठे बदल निघाले तर निर्णय मॅनेजरकडे. टेस्टच्या फेऱ्यांनाही तसंच. दोन मोजणीदार, प्रत्येकी ० ते ३, म्हणजे आणखी १६ पट: कमाल मर्यादा १६,७९,६१६. तरीही संपूर्ण शोध सहज होतो. आता प४ नुसत्या दुर्बळ फेअरनेसवर टिकतो.

मॅनेजरच्या निर्णयात "काम लहान तुकड्यांत मोडून पुन्हा वाटप" हा पर्याय हवासा वाटतो, पण तो याच कामात ठेवला तर चक्र मागच्या दाराने परत येतं. म्हणून हे काम रद्द म्हणून बंद करायचं आणि तुकडे नवी कामं म्हणून उघडायचे.

दुसरा उपायच स्वीकारला. तीन हा आकडा पवित्र नाही. मर्यादा कागदावर असणं महत्त्वाचं.

२१ जून: रद्द

रद्द केल्यावर चॅनेलवर वाट बघणाऱ्या प्रोसेसेस जागीच राहतात आणि अवैध अंत-अवस्थांचा ढीग येतो. त्या जागांना "एंड" (इथे थांबणं वैध) लेबल लावलं की तक्रार थांबते, पण तसं करायचं नाही: कोड-प्रोसेसच्या प्रतीक्षेवर हे लेबल आधीपासून असतं, तर १२ तारखेचा डेडलॉक कधीच दिसला नसता. त्याऐवजी प्रत्येक प्रोसेसचं शरीर "अनलेस" मध्ये गुंडाळलं, सुटकेची अट रद्द. ती अट अ‍ॅटॉमिक खंडाच्या आतही तपासली जाते, डी-स्टेपच्या (पूर्ण खंड एकच पायरी मानणाऱ्या रचनेच्या) आत नाही. म्हणून लांब काम डी-स्टेपमध्ये कोंबू नये.

प५ आधी □(रद्द → □¬टेस्टसुरू) असा लिहिला. मोडला, कारण रद्द होताना टेस्ट चालूच असू शकते. चालू टेस्ट तोडायची की संपू द्यायची? मॉडेलला उत्तर द्यावंच लागतं. ठरवलं: तोडायची गरज नाही, निकाल नोंदवायचा पण वापरायचा नाही. म्हणून प५: □(रद्द → □¬पूर्ण). तोही एका क्रमात मोडला: टेस्ट पास झाली, पूर्ण लागलं, आणि त्यानंतर मॅनेजरने रद्द केलं. रद्दच्या कृतीला "पूर्ण नसेल तरच" अशी अट, तपासणी आणि कृती एकाच अ‍ॅटॉमिक खंडात. आता टिकतो.

२५ जून: प्रत्यक्ष नोंदींवर लावताना

मॉडेल बरोबर असलं तरी लोक त्याप्रमाणे वागतात का हे वेगळं. त्यासाठी तेच गुणधर्म व्हर्जन कंट्रोल, रिव्ह्यू साधन आणि बिल्ड सर्व्हरच्या घटना-नोंदींवर चालवायचे. एलटीएल (वर वापरलेलं रेषीय टेम्पोरल लॉजिक) अनंत क्रमांसाठी आहे, नोंदी सान्त असतात. सान्त क्रमांसाठीचं रूप ज्युसेप्पे दे जाकोमो आणि मोशे वार्दी यांनी २०१३ मध्ये मांडलं. बंद झालेल्या कामांना ते सरळ लागू होतं. अजून चालू असलेल्या कामात प३ चा प्रतिसाद दिसला नाही तर "मोडला" लिहायचं नाही, "प्रलंबित" लिहायचं.

प२ तपासायला वेळेच्या शिक्क्यांवर विसंबू नये. दोन सर्व्हरच्या घड्याळांत काही सेकंदांचा फरक असला तरी मंजुरी आणि टेस्टचा क्रम उलटा दिसतो. बिल्डच्या नोंदीत कोडच्या कमिटचा हॅश (ओळख-खूण) आणि ज्या डिझाइनवर काम झालं त्याचा हॅश, दोन्ही हवेत. दुसरा सहसा नसतो, तो कमिट संदेशात सक्तीचा करावा लागेल.

प्रक्रिया-दस्तऐवजात पाठवलेले बदल: किरकोळ बदलाची वर्दी कोड आणि पॅकेज लिहिणाऱ्यांना, काम पूर्ण म्हणण्याची अट सध्याच्या मंजूर डिझाइनशी जुळणारी, रिव्ह्यू आणि टेस्टला प्रत्येकी तीन फेऱ्यांची मर्यादा, रद्द झाल्यावर चालू टेस्टच्या निकालाचं काय करायचं, पूर्ण झाल्यावर रद्द नाही.

दस्तऐवज बदलला की धावा या क्रमाने: नो-क्लेम, न गाठलेल्या ओळी, साक्षीदार (सगळे मोडलेच पाहिजेत), प१, प२, प३, प५, आणि शेवटी फेअरनेससह प४. प३ लाही फेअरनेस लागतो, नाहीतर मॅनेजरचं चक्र तिथेही उगवतं.